दोनशे फ्रँकांची लायकी

निवडणूक जवळ आली की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. ‘जे इन्कम टॅक्स भरतात त्यांनाच मताचा अधिकार हवा. बाकीचे पाचशेच्या नोटेवर मत विकतात.’ खाली अंगठ्यांची रांग. मी आयटीत काम करतो. तिथे हे मत इतकं सर्रास आहे की त्यावर कुणी वादसुद्धा घालत नाही. जेवताना कुणीतरी बोलतं, बाकीचे माना डोलावतात आणि विषय अप्रेझलकडे वळतो.

मला या कल्पनेचा राग येतो. पण रागाहून जास्त नवल याचं वाटतं, की ती कुणाला तरी कालच सुचल्यासारखी मांडली जाते. एरवी आपण साधी लायब्ररी वापरायची तरी आधी शोधतो, ही कुणी वापरली आहे का, किती लोडला टिकली, कुठे पडली. इथे कुणी शोधत नाही. शोधलं तर सापडेल, की हा प्रकार प्रॉडक्शनवर चालून झालेला आहे. फ्रान्समध्ये, १८३१ ते १८४८. कायदा अगदी याच मेसेजसारखा होता, चालवणारी माणसं आपल्यापेक्षा कितीतरी हुशार होती, आणि तरी तो कोसळला. कसा कोसळला हे नीट बघण्यासारखं आहे.

१ ऑगस्ट १८४६ ला फ्रान्समध्ये संसदेच्या निवडून येणाऱ्या सभागृहाची निवडणूक झाली. देशाची लोकसंख्या साडेतीन कोटींच्या आसपास. मतदारयादीत नावं सुमारे २ लाख ४१ हजार. म्हणजे शंभर माणसांमागे एकसुद्धा नाही. यादीत यायला तुम्ही पुरुष हवेत, वयाची २५ वर्षं पुरी हवीत आणि वर्षाला निदान २०० फ्रँक प्रत्यक्ष कर भरलेला हवा. उमेदवार व्हायचं तर वय ३० आणि कर ५०० फ्रँक. खासदाराला पगार नाही, त्यामुळे ज्याला पोटासाठी काम करावं लागतं त्याचा प्रश्नच मिटला. या यादीतल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त लोकांनी मतदान केलं. मेसेज पाठवणाऱ्यांना हेवा वाटेल असा आकडा. एकूण ४५९ जागांपैकी सुमारे २९० सरकारच्या बाजूला गेल्या. इतकं भक्कम बहुमत त्या सरकारला आधी मिळालं नव्हतं.

त्यानंतर एकोणीस महिन्यांत राजा लुई-फिलिप गादी सोडून इंग्लंडला पळाला होता.

थोडं मागे जाऊ. १८३० च्या आधीही फ्रान्समध्ये कराचीच अट होती, ती आणखी कडक. मतदाराला ३०० फ्रँक कर आणि वय ३०. मतदार एक लाखाच्या आसपास. १८२० मध्ये त्यात एक दुरुस्ती झाली, तिच्याबद्दल आपल्याकडच्या मेसेजवाल्यांनी जरूर विचार करावा. प्रत्येक जिल्ह्यातले सगळ्यात जास्त कर भरणारे जे पाव मतदार, त्यांना दोनदा मत देता येईल असा कायदा झाला. तर्क एकदम बरोबर आहे. कर भरणं हीच लायकी असेल तर जास्त कर म्हणजे जास्त लायकी. मग वर्षाला चाळीस हजार टीडीएस कापला जाणारा ज्युनिअर डेव्हलपर आणि वर्षाला कोटभर कर भरणारा बिल्डर, दोघांना एकच मत कशाला? ‘फक्त करदात्यांना’ म्हणणाऱ्यांची रेघ बरोबर आपल्या पायाखालून सुरू होते, हा काही योगायोग नव्हे. कुणीही अशी रेघ सुचवलेली मी पाहिलेली नाही जिच्यात सुचवणारा स्वतः बाहेर राहतो.

जुलै १८३० मध्ये राजा दहावा चार्ल्स यानं वटहुकूम काढले. वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य स्थगित केलंच, शिवाय मताच्या पात्रतेसाठी धंद्यावरचा कर धरायचाच नाही असं ठरवलं. म्हणजे व्यापारी आणि कारखानदार यादीबाहेर, जमीनदार तेवढे आत. पॅरिस तीन दिवस रस्त्यावर उतरलं. छपाई कामगार, सुतार, गवंडी, विद्यार्थी बॅरिकेडवर मेले. चार्ल्स गेला, लुई-फिलिप आला आणि पुढच्या वर्षी अट ३०० वरून २०० फ्रँकांवर आली. मतदार झाले १ लाख ६६ हजारांच्या घरात. जे मेले त्यांच्यातले बहुतेक ना जुन्या यादीत बसत होते ना नव्या.

आता या व्यवस्थेचा सगळ्यात मोठा वकील, फ्रान्स्वा गिझो. त्याला खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खोटं होईल. गिझो मोठा इतिहासकार, सोर्बोनचा प्राध्यापक. १८२२ मध्ये सरकारनं त्याची व्याख्यानं बंद पाडली होती. १८२७ मध्ये सरकारी अधिकारी मतदारयाद्यांत घोळ घालत होते तेव्हा लोकांना यादीत नाव नोंदवायला मदत करणारी एक संघटना उभी राहिली. तिच्या पुढाऱ्यांमध्ये गिझो होता. शिक्षणमंत्री झाल्यावर १८३३ मध्ये त्यानं कायदा केला की प्रत्येक गावानं, एकट्यानं किंवा शेजारच्या गावांबरोबर मिळून, मुलांसाठी प्राथमिक शाळा चालवलीच पाहिजे. फ्रान्सच्या शालेय शिक्षणाचा पाया त्या कायद्यानं घातला असं आजही मानतात.

या माणसाचं म्हणणं असं होतं: सत्ता राजाचीही नाही आणि जनतेचीही नाही, ती विवेकाची. विवेक समाजात विखुरलेला आहे. जिथे तो आहे तिथून त्याला वेचून राज्यकारभारात आणणं हे निवडणुकीचं काम. म्हणून मत हा जन्मजात हक्क नाही. ते एक काम आहे आणि काम कुवत असलेल्याला द्यायचं असतं. कुवत कशी मोजणार? मालमत्ता असलेल्या माणसाला फुरसत असते, शिक्षण असतं, समाज स्थिर राहण्यात त्याचं हित असतं, आणि मालमत्ता करातून दिसते. म्हणून २०० फ्रँक.

आपल्या मेसेजची ही सगळ्यात सुसंस्कृत आवृत्ती. हिच्यापुढे पाचशेच्या नोटेचा विनोद फारच स्वस्त वाटतो. तेव्हा वाद घालायचा तर हिच्याशी घालू.

पहिला प्रश्न मोजमापाचा. डेटा हाताळणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं, की जे हवं ते मोजता येत नसेल तर आपण त्याच्या आसपासचं काहीतरी मोजतो, आणि काही दिवसांनी ते आसपासचं म्हणजेच मूळ गोष्ट असं धरून चालतो. गिझोला कुवत हवी होती, मोजला गेला कर. या दोन्हींत किती अंतर पडलं ते त्याच्याच १८३३ च्या कायद्यात दिसतं. गावच्या प्राथमिक शिक्षकाला किमान ठरावीक पगार किती द्यायचा, तर वर्षाला २०० फ्रँक. राहायला जागा आणि मुलांची थोडीफार फी वेगळी. मास्तरचा वर्षाचा किमान पगार आणि मताला लागणारा वर्षाचा कर, आकडा एकच. जो माणूस गावातल्या पोरांना विवेक शिकवणार, त्यानं पगाराचा शेवटचा पैसासुद्धा करात भरला असता तेव्हा कुठे तो उंबरठ्याशी पोचला असता. त्याला नेमणारा मंत्री मात्र सभागृहात कुवतीवर भाषणं देत होता.

‘मग कर सोडा, शिक्षणाची अट ठेवा,’ असं लगेच कुणीतरी म्हणेल. तेव्हाही म्हटलं गेलं होतं. डॉक्टर, वकिलीची पदवी घेतलेले, नोटरी अशा लोकांची नावं ज्युरीच्या यादीत असत. एखाद्याला गिलोटिनखाली पाठवायचं की नाही हे ठरवायला त्यांची कुवत पुरत होती. खासदार निवडायला पुरत नव्हती. ज्युरीच्या यादीतल्यांना मत द्या, असा प्रस्ताव १८४२ मध्ये आला. सभागृहानं तो फेटाळला. देशातल्या सर्वोच्च विद्वत्सभेच्या सदस्यांना १८३१ च्या कायद्यानं सवलत दिली होती ती फक्त अर्धी. त्यांनाही १०० फ्रँक कर दाखवावाच लागे. कुवतीची व्यवस्था म्हणून सुरू झालेली गोष्ट कुवत समोर उभी असताना दार लावून घेते, कारण एव्हाना आत बसलेल्यांना पैशाची यादी आवडायला लागलेली असते. यात कुणी विशेष दुष्ट असायची गरज नाही. यादी आखण्याचा अधिकार यादीतल्यांच्याच हाती असला की हे आपोआप होतं.

दुसरा प्रश्न कराचाच. ‘करदाता’ म्हणजे कोण? फ्रान्समध्ये मोजले जात ते चार प्रत्यक्ष कर: जमिनीवरचा, माणूस आणि त्याच्या घरभाड्यावरचा, धंद्यावरचा, आणि घराच्या दारं-खिडक्यांवरचा. हो, घराला जितक्या खिडक्या तितका कर, आणि तोही मताच्या हिशेबात. पण सरकारच्या तिजोरीत मीठ, दारू, तंबाखू यांवरच्या अप्रत्यक्ष करांचा पैसाही भरभरून येत होता. शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावरची जकात होती ती वेगळीच. मीठ गरिबाच्या सूपमध्येही तेवढंच लागतं. तो रोज कर भरत होता, फक्त त्याला पावती मिळत नव्हती. हे वाचताना जीएसटी आठवला नाही तर बिस्किटाचा पुडा पुन्हा एकदा उलटून बघा. करदाता आणि फुकटा असे दोन वर्ग कधी नव्हतेच. ज्यांचा कर मोजला जातो ते आणि ज्यांचा मोजला जात नाही ते, एवढाच फरक होता.

आणि बायका? त्यांचा कर मोजला जात होता, बाया तेवढ्या मोजल्या जात नव्हत्या. बायकोच्या मालमत्तेवरचा कर नवऱ्याच्या खात्यात धरला जाई. विधवा बाई आपला कर मुलाच्या, नातवाच्या किंवा जावयाच्या नावानं मोजायला देऊ शकत होती. तशी कायद्यात सोयच होती. म्हणजे जमीन सासूबाईंची, कर सासूबाईंचा, मत जावईबापूंचं. ‘जो कर भरतो त्याला मत’ हे तत्त्व खरोखर पाळायचं असतं तर त्या बाईला नाकारायला काय कारण होतं? काहीही नाही. तत्त्व नंतर शोधलेलं असतं. कोण आत आणि कोण बाहेर हे आधी ठरलेलं असतं.

यातून एक विचित्र प्रकार निघाला. कर कमी केला की मतदार कमी. १८२० च्या दशकात सरकारनं जमिनीवरचा कर घटवला तेव्हा उंबरठ्यावरचे कितीतरी लोक यादीतून गळले आणि एक लाखाच्या वर असलेला मतदारांचा आकडा एक लाखाच्या खाली आला. करसवलतीची बातमी आली म्हणून खूश व्हायचं की आपलं नाव यादीत राहिलं का ते बघायला पळायचं? आज आपल्याकडे हा नियम लावला तर बजेटमध्ये करमुक्त उत्पन्नाची मर्यादा वाढली त्या संध्याकाळी लाखो लोकांचं मत जाईल. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी निम्मे त्यात असतील. असो.

आता तो आवडता आरोप: गरीब मत विकतो. मग श्रीमंतांचीच यादी केल्यावर मतांचा बाजार थांबला असेल, नाही का?

हिशोब करू. २ लाख ४१ हजार मतदार, ४५९ मतदारसंघ. एका मतदारसंघात सरासरी सव्वापाचशे. कायद्यानं किमान १५० ठरवलेले. तेवढे २०० फ्रँकवाले सापडले नाहीत तर त्या भागातले त्याखालोखाल कर भरणारे घेऊन आकडा पुरा करायचा. सव्वापाचशेपैकी दोनशे पासष्ट फोडले की खासदार. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलाच्या सोसायटीत याहून जास्त सभासद असतात, आणि तिथल्या निवडणुका किती विवेकानं होतात ते आपण बघतोच. इतक्या थोड्या माणसांना सरकार नावानिशी ओळखू शकतं. कुणाच्या मुलाला शिष्यवृत्ती, कुणाच्या जावयाला बदली, कुणाला सरकारी तंबाखूच्या दुकानाचा परवाना, कुणाच्या गावावरून रस्ता. रोख पाचशे रुपयांची गरजच पडत नाही. हे सगळं कायदेशीर, सभ्य, पत्रव्यवहारानं चालणारं.

आणि खासदार? १८४० च्या दशकात सभागृहातले जवळपास चाळीस टक्के सदस्य एकाच वेळी सरकारी पदांवर होते: न्यायाधीश, सरकारी वकील, लष्करी अधिकारी, दरबारातले. ज्याची बढती मंत्र्याच्या सहीवर अवलंबून, तो मंत्र्याच्या विरोधात हात वर करणार कसा? ही दोन कामं एका माणसाकडे नकोत, असे प्रस्ताव पुन्हा पुन्हा आले. सभागृहानं ते पुन्हा पुन्हा पाडले.

१८४७ मध्ये तेस्त नावाचा माजी सार्वजनिक बांधकाममंत्री पकडला गेला. मिठाच्या खाणीच्या परवान्यासाठी त्यानं ९४ हजार फ्रँक लाच घेतली होती आणि देण्याच्या कटात एक माजी युद्धमंत्री, जनरल क्युबिएर, सामील होता. वरिष्ठ सभागृहापुढे खटला चालून शिक्षा झाली. ९४ हजार म्हणजे ४७० शिक्षकांचा वर्षाचा किमान पगार. पाचशेच्या नोटेवर मत विकणाऱ्या माणसाचं मी समर्थन करत नाही. पण भ्रष्टाचार हा गरिबीचा आजार आहे आणि मालमत्ता ही त्यावरची लस, असं मानायला या अख्ख्या सतरा वर्षांत एक पुरावा सापडत नाही.

अलेक्सी द तोकव्हिल याच सभागृहात खासदार होता, म्हणजे याच यादीनं निवडलेला. आठवणींमध्ये त्यानं त्या राजवटीची तुलना भागधारकांच्या फायद्यासाठी चालणाऱ्या कंपनीशी केली आहे. गंमत म्हणजे कार्ल मार्क्सनंही त्याच राजवटीला जॉइंट स्टॉक कंपनीच म्हटलं. हे दोघं एरवी एका टेबलावर जेवले नसते.

कंपनीचा कारभार कसा होता? १८४१ मध्ये बालकामगारांबाबत कायदा झाला. आठ वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात घ्यायचं नाही; आठ ते बारा वयाच्या मुलांकडून दिवसाला आठ तासच काम; बारा ते सोळा, बारा तास. तेवढ्यावरही काही हरकत नव्हती, निदान सुरुवात होती. पण कायदा वीसहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना लागू, आणि तपासणी बिनपगारी स्वयंसेवक करणार. त्यांच्यात कारखानदारीतूनच निवृत्त झालेले सद्‌गृहस्थ असत. कायदा बराचसा कागदावरच राहिला. पगारी तपासनीस आले ते १८७४ च्या कायद्यानं, तेहतीस वर्षांनी. कारखानदार मतदार होता. आठ वर्षांचं पोर नव्हतं, ते कुठेच नसतं. पण त्याचा बापही नव्हता.

मग १८४५ ला बटाट्यावर रोग पडला आणि १८४६ ला धान्याचं पीक बुडालं. म्हणजे सरकारनं ती दणदणीत निवडणूक जिंकली त्याच उन्हाळ्यात. १८४७ च्या वसंतापर्यंत गव्हाचे भाव जवळपास दुपटीला गेले. जानेवारीत मध्य फ्रान्समधल्या बुझांसे या छोट्या गावात लोकांनी धान्याच्या गाड्या अडवल्या. गावातून धान्य बाहेर जाऊ द्यायचं नाही, रास्त भावात इथेच विका, एवढी मागणी. दंगल उसळली, माणसं मेली. एप्रिलमध्ये त्या दंगलीसाठी तीन जणांना गिलोटिनवर चढवलं.

मला इथे थांबावंसं वाटतं, कारण ‘अडाणी लोकांना धोरण काय कळतं’ या वाक्याचं उत्तर बुझांसेत आहे. धान्य बाजारात मोकळं सोडायचं की भाव बांधायचे, यावर अर्थशास्त्रात दोन बाजू आहेत आणि गाड्या अडवणाऱ्यांची बाजू चुकीचीही असू शकेल. पण त्यांना एक माहिती होती जी पॅरिसमध्ये कुणाकडे नव्हती: पावाचा भाव या आठवड्यात माझ्या घराला झेपत नाही. मतपेटी हे ती माहिती वर पोचवायचं साधन असतं. ते काढून घेतलं की माहिती नाहीशी होत नाही. ती गाड्या अडवून येते.

आपल्याकडे ही गोष्ट सगळ्यात स्पष्ट कुणाला दिसली असेल तर ती डॉ. आंबेडकरांना. इंग्रजांनी १९१९ च्या सुधारणांमध्ये इथे आणला तो मताधिकारही जमीनमहसूल, कर आणि मालमत्तेवरच बेतलेला होता. मुंबई इलाख्यातला अस्पृश्य समाज जवळपास पूर्णच त्याच्या बाहेर राहत होता. आंबेडकरांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली आणि सायमन कमिशनच्या वेळी सरळ प्रौढ मताधिकाराची मागणी केली. त्यांच्या मांडणीचा गाभा असा, की एकत्र जगण्याच्या अटी ठरवण्यात वाटा म्हणजे मताधिकार, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याला त्या अटींचा जाच सगळ्यात जास्त होतो, म्हणून त्याला त्याची गरजही सगळ्यात जास्त. गिझोचा प्रश्न होता, राज्य चालवायला लायक कोण? आंबेडकरांनी विचारलं, राज्याचा भार कुणावर पडतो? पहिला प्रश्न घेतला की यादी लहान होत जाते. दुसरा घेतला की एकही माणूस वगळता येत नाही.

फ्रान्समध्ये परत. मार्च १८४७ मध्ये द्युव्हेर्जिए द ओरान या खासदारानं प्रस्ताव आणला: अट १०० फ्रँकांवर आणा आणि ज्युरीच्या यादीतल्या शिकलेल्यांना घ्या. म्हणजे मतदार साधारण दुप्पट झाले असते, तरी शंभरात दोनही नाहीत. गिझोनं विरोध केला. चर्चेत गार्निए-पाजेस म्हणाला, सार्वत्रिक मताधिकाराचा दिवस येईल. गिझोचं उत्तर होतं, की असा दिवस येणारच नाही. प्रस्ताव २५२ विरुद्ध १५४ मतांनी पडला. तारीख २६ मार्च १८४७.

सभागृहात दार बंद म्हटल्यावर विरोधकांनी मेजवान्या सुरू केल्या. राजकीय सभांवर बंदी होती, जेवणावर नव्हती. तेव्हा जेवायला जमायचं आणि भाषणं ठोकायची. जुलैपासून वर्षाअखेरपर्यंत देशभर अशा सत्तरच्या आसपास मेजवान्या झाल्या. २२ फेब्रुवारी १८४८ ला पॅरिसमध्ये ठरलेली मेजवानी सरकारनं रोखली आणि लोक रस्त्यावर आले. राजानं नॅशनल गार्ड बोलावला. हा गार्ड म्हणजे स्वतःच्या खर्चानं गणवेश शिवणारे दुकानदार, कारागीर, कारकून, व्यवस्थेचे पहारेकरी. त्यातल्या कितीतरी जणांना मत नव्हतं. त्यांनी गिझोला वाचवायला नकार दिला, उलट सुधारणेच्याच घोषणा दिल्या. २३ ला गिझो गेला, २४ ला राजा गेला. ५ मार्च १८४८ ला २१ वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांना मताधिकार देणारा हुकूम निघाला. गिझोच्या ‘कधीच नाही’ला अजून वर्षही झालं नव्हतं. दोन-अडीच लाखांची यादी एका झटक्यात नव्वद लाखांच्या वर गेली.

आता खरा आक्षेप, आणि तो टाळणं लबाडी होईल. या नव्वद लाखांनी केलं काय? डिसेंबर १८४८ मध्ये त्यांनी लुई-नेपोलियनला सुमारे चोपन्न लाख मतांनी राष्ट्राध्यक्ष निवडलं. १८५१ मध्ये त्यानं बंड करून लोकशाहीच गुंडाळली आणि पुढच्या वर्षी सम्राट झाला. बघा, सगळ्यांना मत दिलं की हुकूमशहा येतो!

मधलं एक पान गाळलं की हा युक्तिवाद चालतो. ३१ मे १८५० ला घाबरलेल्या सभागृहानं कायदा केला: एका जागी सलग तीन वर्षं राहिल्याचं सिद्ध केलं तरच मत. कामासाठी फिरणारे मजूर, कारागीर गळाले. जवळपास तीस लाख मतदार कमी झाले. चर्चेत तिएर गरिबांना ‘नीच गर्दी’ म्हणाला, ते शब्द फ्रान्स विसरला नाही. आणि २ डिसेंबर १८५१ च्या पहाटे लुई-नेपोलियननं सभागृह बरखास्त केल्याची जी पत्रकं पॅरिसच्या भिंतींवर लावली, त्यात एक घोषणा होती: सार्वत्रिक मताधिकार पुन्हा लागू. शहाण्यांच्या सभागृहानं गरिबाचं मत काढून घेतलं होतं, हुकूमशहा ते परत द्यायला आला होता. सभागृह वाचवायला त्या गरिबानं बॅरिकेडवर का यायचं? फारसं कुणी आलंही नाही.

नव्वद लाखांच्या हातून चुका झाल्याच. पण त्यांनी निवडलेल्या पहिल्याच सभागृहानं १८४८ च्या डिसेंबरात मिठावरचा कर एक तृतीयांशावर आणला, जे २०० फ्रँकवाल्यांना सतरा वर्षांत जमलं नव्हतं. आणि बायकांना ‘सार्वत्रिक’ या शब्दात जागा मिळायला १९४४ उजाडावं लागलं. ती यादी आखणारेही आपापल्या जागी उभे राहूनच रेघ मारत होते.

गिझोचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. फेब्रुवारीनंतर तो लंडनला गेला आणि तिथून १८४९ च्या मे महिन्यातल्या निवडणुकीला उभा राहिला, आपल्या जुन्या कॅल्व्हादोस भागातून. तिथल्या मित्रांना उद्देशून त्यानं पत्रक काढलं. या वेळी मत शेतकरी, मजूर, मास्तर सगळ्यांना होतं. तो पडला. मेच्या निकालानंतर जुलैमध्ये तो फ्रान्सला परतला, आणि पुढची पंचवीस वर्षं त्यानं पुस्तकं लिहिण्यात घालवली. ती आजही वाचण्यासारखी आहेत.